'लॉजिस्टिक' : मुक्काम आणि हिशेब
(मानकोलीच्या निमित्ताने एका संज्ञेचा इतिहास)

प्रस्तावना

मुंबई-आग्रा महामार्गावरून ठाणे सोडून नाशिकच्या दिशेने निघाले की भिवंडी तालुक्यातील मानकोली नाका लागतो. नाक्याच्या दोन्ही अंगांना, अणजूर, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गावांच्या शिवारापर्यंत, गोदामांची रांगच रांग पसरलेली दिसते. त्यांवरील फलकांत एक शब्द वारंवार आढळतो, तो म्हणजे 'लॉजिस्टिक्स'. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हा शब्द या परिसरात कोणाच्या कानावरून गेला नसेल; आज तो ट्रकचालकापासून जमिनीच्या दलालापर्यंत सर्वांच्या बोलण्यात आहे. याच तालुक्यातील एखादा विद्यार्थी महाविद्यालयात संख्याशास्त्राच्या वर्गात बसला, तर तेथे त्याला 'लॉजिस्टिक वक्र' शिकविला जातो, आणि त्या वक्राचा गोदामाशी, ट्रकशी किंवा मालाशी काडीचाही संबंध नसतो. तत्त्वज्ञानाच्या जुन्या ग्रंथांत तो डोकावला तर 'लॉजिस्टिक' म्हणजे चिन्हांकित तर्कशास्त्र असा तिसराच अर्थ त्याला भेटतो.

एकाच शब्दाचे इतके अर्थ पाहून सर्वसाधारणपणे असे मानले जाते की मूळ शब्द एक आणि पुढे त्याला फाटे फुटले. व्यवस्थापनशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांच्या पहिल्याच पानावर हे गृहीत धरलेले असते. ग्रीक 'लोगिस्तिकोस', म्हणजे गणनेत निपुण, आणि त्यापासून पुरवठा व्यवस्थापनातील 'लॉजिस्टिक्स', अशी व्युत्पत्ती तेथे देण्यात येते. ही व्युत्पत्ती आकर्षक आहे. परंतु ज्या ग्रंथाने हा शब्द युद्धशास्त्रात प्रतिष्ठित केला त्या ग्रंथाच्या कर्त्याचीच साक्ष तिच्या विरुद्ध जाते. प्रश्न केवळ शब्दकोशातील एका नोंदीचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. मात्र पुरवठ्याची विद्या ही मुळात हिशेबाची विद्या आहे असे एकदा मानले, की त्या विद्येतील दुसरा अर्धा भाग, म्हणजे माणसे आणि माल कोठे उतरवायचा, कोणाच्या जमिनीवर, कोणत्या छपराखाली, हा प्रश्न नजरेआड होतो. मानकोलीच्या बाबतीत तोच प्रश्न सर्वांत मोठा आहे.

मोजलेल्या वस्तूंचे शास्त्र

प्रथम गणिताकडील शाखा पाहणे सोयीचे ठरेल, कारण ती वयाने कितीतरी मोठी आहे. प्राचीन ग्रीकांनी संख्याविषयक ज्ञानाचे दोन भाग केले होते. संख्यांचे स्वरूप, सम-विषमता, त्यांचे परस्परसंबंध यांचा विचार करणारे शास्त्र ते 'अरिथ्मेतिके', आणि प्रत्यक्ष आकडेमोड करणारी कला ती 'लोगिस्तिके'. प्लेटोच्या 'गॉर्जियास' या संवादात हा भेद स्पष्ट मांडलेला आहे. त्याच्याच दुसऱ्या एका संवादावरील जुन्या टीपेत 'लोगिस्तिके' हे संख्यांचे नव्हे, तर मोजलेल्या वस्तूंचे शास्त्र होय असे म्हटले असून, सफरचंदे आणि पेले यांच्या मोजणीवरून अशा संख्यांना नावेही दिली आहेत. अथेन्स नगरराज्यात अधिकाऱ्यांच्या जमाखर्चाची तपासणी करणाऱ्यांना 'लोगिस्ताई' म्हणत. आपल्याकडील फडणिशी दप्तरातील लेखापरीक्षकांशी त्यांची तुलना करता येईल.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्रीक विद्वानांच्या दृष्टीने 'लोगिस्तिके' ही दुय्यम, बाजारातील विद्या होती. तत्त्वचिंतकाने संख्येचा विचार करावा आणि आकडेमोड व्यापाऱ्याने करावी, असा तो श्रेणीभेद होता. युरोपात सोळाव्या शतकात हा शब्द पुन्हा वर आला तेव्हा त्याची प्रतिष्ठा वाढलेली होती. ब्यूतेओने १५५९ मध्ये आपल्या अंकगणितविषयक ग्रंथाला 'लोगिस्तिका' हेच नाव दिले. फ्रांस्वा व्हिएतने १५९१ मध्ये अंकांनी चालणारी आणि अक्षरांनी चालणारी अशा दोन 'लोगिस्तिका' कल्पिल्या, आणि दुसरीतून आजचे बीजगणित आकाराला आले. लॉगरिथमचा जनक जॉन नेपियर याच्या गणनकलेवरील हस्तलिखिताच्या शीर्षकातही हाच शब्द होता. ते हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर दोन शतकांहून अधिक काळाने, १८३९ मध्ये छापले गेले. तात्पर्य, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'लॉजिस्टिक' हा शब्द युरोपातील गणितज्ञांच्या घरचा, थोडा जुनाट झालेला, परंतु परिचित शब्द होता. त्याचा लष्करी पुरवठ्याशी संबंध नव्हता.

१८३८ : एक वर्ष, दोन लेखक

योगायोगाने या संज्ञेच्या आधुनिक इतिहासातील दोन्ही प्रवाह एकाच वर्षी भेटतात. बॅरन आंत्वान-आंरी जॉमिनी हा जन्माने स्विस, नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी आणि पुढे रशियाच्या झारच्या सेवेत गेलेला लेखक. त्याचा युद्धकलेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८३८ मध्ये प्रकाशित झाला. रणनीती आणि डावपेच यांच्या जोडीला त्याने 'लॉजिस्टिक' हे स्वतंत्र प्रकरण घातले आणि सैन्य प्रत्यक्ष हलविण्याची कला अशी तिची व्याख्या केली. शब्द कोठून आला हेही त्याने सांगितले आहे. फ्रेंच सैन्यात 'मेजर जनरल दे लोजी' असा एक हुद्दा होता. सैन्याला मुक्कामाच्या जागा नेमून देणे, तळ ठोकणे, कूच करणाऱ्या तुकड्यांना वाट दाखविणे हे त्या अधिकाऱ्याचे काम. 'लोजी' म्हणजे मुक्काम, उतरण्याची जागा. या हुद्द्यावरून जॉमिनीने विद्येचे नाव बनविले.

'लोजी' या शब्दाचे मूळ भाषाशास्त्रज्ञ जुन्या फ्रँकिश भाषेतील एका शब्दात शोधतात, आणि त्याचा अर्थ पानांचे छप्पर, डहाळ्यांचा मांडव असा दिला जातो. इंग्रजीतील 'लॉज' आणि 'लॉबी' हे शब्द याच कुळातले. म्हणजे मानकोलीच्या फलकांवरील शब्दाचा आद्य अर्थ ग्रीक हिशेबनिसाच्या पाटीवर नसून एका मांडवाखाली सापडतो. ग्रीक मूळ मानणाऱ्यांची बाजू पूर्णपणे निराधार आहे असे मात्र म्हणता येत नाही. जॉमिनीला 'लोजी'पासून 'लॉजिस्टिक' हे रूप इतक्या सहज सुचले याचे कारण, त्याच उच्चाराचा गणिती शब्द फ्रेंचमध्ये आधीपासून नांदत होता, हे असण्याचा संभव आहे. साचा गणिताचा आणि आशय मुक्कामाचा, असे या शब्दाचे वर्णन करणे अधिक रास्त ठरेल.

मराठी वाचकाला या व्युत्पत्तीचे नवल वाटू नये, कारण मराठीने हीच वाट स्वतंत्रपणे चोखाळलेली आहे. 'छावणी' हा शब्द 'छावणे', म्हणजे गवताने वा पानांनी शाकारणे, यापासून आला. छप्पर घालण्याची क्रिया, मग छपराखालील सैन्याचा पावसाळी मुक्काम, आणि दुष्काळात जनावरांसाठी उघडली जाणारी चारा छावणी, असा त्याचा अर्थविस्तार झाला. चारा छावणीत तर निवारा आणि पुरवठा या दोन्ही गोष्टी एका शब्दात आल्या.

छावणीचे व्यवस्थापन कसे असावे याविषयी जॉमिनीच्या सुमारे एकशे पासष्ट वर्षे आधी लिहिलेला एक मराठी दस्तऐवज प्रसिद्ध आहे. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूण परिसरात पावसाळ्यासाठी ठेवलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांच्या वतीने गेलेले ते पत्र होय. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याविषयीचे पत्र म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याचा तर्क पुरवठ्याचा आहे. दाणा, गवत यांचा साठा पावसाळ्याच्या हिशेबाने केलेला आहे. तो बेतशीर न वापरता आरंभीच उधळला तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, लाकडे ओढून आणू लागतील आणि रयतेला मोगल परवडला असे वाटेल, अशी ती साखळी आहे. पत्राच्या उत्तरार्धात आगीची काळजी येते. जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी आणि पागा कशा भस्मसात होतील, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. साठ्याचा हिशेब, छपराची सुरक्षितता आणि भोवतालच्या गावाशी वागणूक या तीन गोष्टी पत्रात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. जॉमिनीच्या प्रकरणात पहिल्या दोन सविस्तर आहेत. तिसरीला या पत्रातले स्थान नाही.

वाढीचा वक्र

त्याच १८३८ मध्ये बेल्जियममधील गणितज्ञ पिएर-फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट याने लोकसंख्यावाढीच्या नियमावर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. माल्थसच्या म्हणण्याप्रमाणे लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढत असेल तर ती वाढ अमर्याद होईल. वास्तवात जमीन आणि अन्न मर्यादित असल्यामुळे वाढीला अडथळा येतो. तो अडथळा गणितात कसा मांडावा हा व्हेरहुल्स्टचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की, वाढीचा वेग लोकसंख्येच्या प्रमाणात असतो, पण वरची मर्यादा जितकी जवळ येते तितका तो वेग घटत जातो. या समीकरणाचा आलेख आरंभी मंद, मग झपाट्याने चढणारा आणि शेवटी सपाट होत जाणारा असतो. वेग सर्वाधिक असतो तो मर्यादेच्या नेमक्या निम्म्यावर. १८४५ मधील विस्तृत निबंधात त्याने या वक्राला 'लॉजिस्टिक' असे नाव दिले. का दिले, ते सांगितले नाही. 'लॉगरिथमिक' वक्राशी तुलना करताना त्याच गोत्रातील दुसरे नाव त्याने घेतले असावे, असा बहुतेक अभ्यासकांचा तर्क आहे. व्हेरहुल्स्ट ब्रसेल्सच्या लष्करी विद्यालयात शिकवीत होता ही माहिती या संदर्भात मोह पाडणारी आहे खरी, पण तिच्यावरून जॉमिनीशी नाते जोडणे म्हणजे पुराव्यापेक्षा कल्पनेवर भर देणे होईल.

हा वक्र पाऊण शतक विस्मृतीत गेला. १९२० मध्ये अमेरिकेतील रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी तोच नियम नव्याने मांडला, आणि १९२५ मध्ये उडनी यूल याने व्हेरहुल्स्टचे श्रेय व त्याने दिलेले नाव पुन्हा प्रचारात आणले. पुढे १९४४ मध्ये जोसेफ बर्कसन याने 'लॉजिट' हा शब्द घडविला, आणि त्यातून संख्याशास्त्रातील 'लॉजिस्टिक समाश्रयण' ही पद्धत विकसित झाली. एखादी घटना घडेल की नाही, याची संभाव्यता शून्य आणि एक यांच्या दरम्यान बसविण्यासाठी ती आज वैद्यकापासून बँकांपर्यंत सर्वत्र वापरली जाते.

तिसरा प्रवाह अल्पजीवी ठरला. १९०४ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या तत्त्वज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कूत्युरा, इटेलसन आणि लालांद या तिघांनी एकमेकांना न विचारता नव्या गणिती तर्कशास्त्रासाठी 'लॉजिस्टिक' हेच नाव सुचविले. कार्नापच्या १९२९ मधील जर्मन पुस्तकाच्या नावातही तो शब्द आहे. पुढे 'चिन्हांकित तर्कशास्त्र' ही संज्ञा रूढ झाली आणि हा अर्थ मागे पडला.

रसद आणि रास

मराठीत या विषयासाठी दोन जुने शब्द उपलब्ध आहेत आणि दोहोंचा इतिहास 'लॉजिस्टिक'च्या इतिहासावर प्रकाश टाकतो.

पहिला 'रसद'. सैन्याला पोहोचविली जाणारी सामग्री हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. पानिपतच्या मोहिमेची मराठी चर्चा या शब्दाविना होऊच शकत नाही. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी भुकेल्या सैन्याला लढाईस उभे राहावे लागले. हा फारसी शब्द 'पोहोचणे' या अर्थाच्या क्रियापदाशी संबंधित आहे आणि त्याचा 'वाटा, हिस्सा' असाही अर्थ होतो. पेशवेकालीन मुलकी कारभारात मात्र 'रसद' शब्दाला वेगळाच अर्थ होता. मामलतदाराने नेमणुकीच्या वेळी परगण्याच्या अपेक्षित वसुलापोटी सरकारात आगाऊ भरावयाची रक्कम, तिलाही रसद म्हणत. एकाच दप्तरात एक रसद धान्याची आणि दुसरी रोकडीची. पण 'पोहोचती करावयाची गोष्ट' हा समान धागा दोन्हींत राहिला.

याच अक्षरांत लिहिला जाणारा आणखी एक शब्द आहे. अरबीत 'रसद' म्हणजे निरीक्षण, ग्रहताऱ्यांचा वेध. वेधशाळेला 'रसदखाना' म्हणत ते त्यावरून. १२५९ मध्ये नसीरुद्दीन तूसीने मराघा येथे उभारलेली वेधशाळा हे अशा संस्थेचे विख्यात उदाहरण. अरबी-फारसी लिपीत दोन्ही शब्दांतील 'स' वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात; देवनागरीत तो भेद पुसला जातो. धान्य पोहोचविणारी रसद आणि तारे मोजणारी रसद आपल्या लिपीत जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि मूळ लिपी ठाऊक नसलेला वाचक त्यांना एकाच घरच्या समजून बसेल. 'लॉजिस्टिक'च्या बाबतीत युरोपात नेमके हेच घडले. दोन शब्द, एक वेश.

दुसरा शब्द 'रास' किंवा 'राशी', आणि तो याच्या उलट जातीचा आहे. येथे शब्द एकच असून त्याने दोन क्षेत्रांत घर केले. खळ्यावर मळणी-उफणणी झाल्यावर धान्याची रास लागते. कोकणातील भातशेती करणाऱ्याला हा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. संस्कृत गणितात याच शब्दाला 'संख्या, परिमाण' असा अर्थ आला. आर्यभटाने ४९९ मध्ये दिलेला त्रैराशिकाचा नियम म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची रीत. मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुद्दल आणि व्याज मिळून 'रास' काढली जात आहे, आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत 'सदिश राशी' व 'अदिश राशी' आहेत. खळ्यावरचा ढीग आणि फळ्यावरचा आकडा यांच्यातील नाळ येथे तुटलेली नाही.

ती किती घट्ट होती हे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वरून (११५०) दिसते. त्या ग्रंथात 'राशिव्यवहार' नावाचा एक भाग असून तो केवळ धान्याच्या ढिगाचे माप काढण्यासाठी आहे. ढिगाच्या तळाचा घेर मोजावा. धान्य जाड असेल तर ढिगाची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी, बारीक असेल तर अकराव्या भागाइतकी आणि भातासारखे कुसाचे असेल तर नवव्या भागाइतकी धरावी, कारण धान्याच्या जातीप्रमाणे ढीग कमीअधिक पसरतो. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे. साठ हात घेराच्या जाड धान्याच्या ढिगाची उंची सहा हात येते, आणि दहाचा वर्ग गुणिले सहा म्हणजे सहाशे घनहस्त धान्य भरते. तेवढ्याच घेराचे कुसाचे धान्य मात्र सहाशे सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश येते. ढीग भिंतीला टेकून असेल, खोलीच्या कोपऱ्यात असेल किंवा घराच्या बाहेरील कोपऱ्याला वळसा घालून असेल, तर घेर अनुक्रमे दुप्पट, चौपट आणि चार तृतीयांश पट धरून हिशेब करावा, असेही सांगितले आहे. कोठारात धान्य प्रत्यक्ष कसे पडलेले असते हे ज्याने पाहिले आहे, त्याचेच हे गणित आहे.

या नियमात परिघ हा व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. काटेकोर हिशेबाने जाड धान्याची तीच रास सहाशेऐवजी ५७३ घनहस्तांच्या आसपास भरेल. भास्कराचार्यांना याहून सूक्ष्म प्रमाण ठाऊक नव्हते असे नाही. त्याच ग्रंथात त्यांनी बावीस सप्तमांश आणि ३९२७ भागिले १२५० ही दोन्ही गुणोत्तरे दिली आहेत. ढिगाचा घेर दोरीने मोजताना जी चूक होणारच आहे तिच्यापुढे परिघाची सूक्ष्मता व्यर्थ, असा व्यवहारी विचार यामागे असावा. ग्रीकांनी 'लोगिस्तिके'ला ज्या कारणासाठी खालच्या पायरीवर बसविले, तेच काम आपल्याकडील श्रेष्ठ गणितज्ञाने ग्रहगणिताच्या शेजारी, त्याच ग्रंथमालेत, निःसंकोचपणे मांडले, ही बाब नोंदविण्यासारखी आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या १२०७ च्या शिलालेखात त्याची हकीकत आहे. लेखाच्या मराठी भागात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील, ग्राहकाकडून घेतले जाणारे राजाचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आढळते. गणिताची एक पाठशाळा बाजारातील मालावरच्या करावर चालली, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

दोन अर्थांची भेट

विसाव्या शतकात अमेरिकी नौदल आणि भूदलाने जॉमिनीचा शब्द उचलला. १९१७ मध्ये जॉर्ज थॉर्प याने त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यपुरवठ्याचा पसारा इतका वाढला की त्याचे नियोजन गणिताविना अशक्य झाले. सोव्हिएत संघात कांतोरोविच (१९३९) आणि अमेरिकेत हिचकॉक (१९४१) व कूपमन्स यांनी, अनेक कोठारांतून अनेक ठिकाणी माल कमीत कमी खर्चात कसा पाठवावा या स्वरूपाचे प्रश्न हाताळले. जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनासाठी एकरेषीय प्रायोजनाची सुप्रसिद्ध रीत दिली. १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन विभागाने सुरू केलेल्या त्रैमासिकाच्या नावात 'लॉजिस्टिक्स' होते आणि आतील मजकूर बहुतांशी गणिताचा होता. मुक्कामाचा शब्द अशा रीतीने हिशेबाच्या दारी येऊन पोहोचला. पाठ्यपुस्तकांतील ग्रीक व्युत्पत्ती लोकांना पटू लागली ती या भेटीनंतर, असे म्हणण्यास जागा आहे; वंशावळ मागाहून जुळविली गेली. उद्योगजगतात हा शब्द त्याहून उशिरा आला. १९६३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या व्यावसायिक संघटनेच्या नावात 'वितरण' हा शब्द होता, १९८५ मध्ये तेथे 'लॉजिस्टिक्स' आला आणि २००५ मध्ये 'पुरवठा साखळी'ने त्याची जागा घेतली.

मानकोली

मानकोलीचा परिसर दळणवळणाला नवखा नाही. कल्याण-भिवंडीचा प्रदेश १६५७ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला. शेजारच्या अणजूर गावचे गंगाजी नाईक यांनी पोर्तुगिजांविरुद्धच्या वसई मोहिमेसाठी पेशव्यांकडे खटपट केली, आणि ती मोहीम १७३७ मध्ये सुरू होऊन मे १७३९ मध्ये वसईच्या शरणागतीने संपली. घाटावरून उतरणारी वाट आणि खाडी यांच्या सांध्यावरचा हा मुलूख. परंतु येथे गोदामे उभी राहिली ती या भूगोलाइतकीच जकातीच्या हिशेबामुळे. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल शिरताच जकात भरावी लागे. माल हद्दीबाहेर साठवून गरजेपुरता आत नेला की तेवढ्याच मालावर, तेवढ्याच वेळी कर द्यावा लागे. शिवाय हद्दीबाहेर जागा स्वस्त. राज्याराज्यांतील विक्रीवर लागणाऱ्या केंद्रीय विक्रीकरामुळेही कंपन्यांना प्रत्येक राज्यात आपले गोदाम ठेवणे परवडत असे. १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाल्यावर आयात मालाचीही भर पडली. एका अर्थाने पाटणच्या मठाप्रमाणेच मानकोलीही मालावरील कराच्या पोटी जन्मली, फरक इतकाच की मठ कर मिळाला म्हणून उभा राहिला आणि गोदामे कर लांबविता यावा म्हणून.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली. जकातीमुळे आलेली गोदामे जकातीबरोबर जातील असा कोणाचा अंदाज असल्यास तो फोल ठरला. आता राज्याराज्यांत विखुरलेली लहान गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही, त्यामुळे मोक्याच्या जागी प्रचंड गोदामे बांधणे फायद्याचे झाले, आणि मानकोली ही तशी जागा होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने या व्यवसायाला पायाभूत क्षेत्राचा दर्जा दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. मराठी पत्रकांतही तो शब्द जसाच्या तसा राहिला.

आज या गोदामांतील संगणकांवर गणित आणि मुक्काम शेजारी शेजारी वावरतात. अमुक खेप वेळेवर पोहोचेल की नाही, याची संभाव्यता काढण्यासाठी लॉजिस्टिक समाश्रयण वापरले जाते. व्हेरहुल्स्टचा शब्द जॉमिनीच्या शब्दाची चाकरी करतो. मात्र व्हेरहुल्स्टच्या मूळ वक्रातील मुख्य गोष्ट, वरची मर्यादा, या व्यवसायाच्या भाषेत क्वचितच ऐकू येते. मानकोली आणि भोवतालची गावे भातशेतीची. जमीन वाढत नाही. शेत भरावाखाली गेले की खळे जाते, आणि खळ्याबरोबर रास जाते. ज्या कुटुंबाने जमीन विकली त्याला एकदाच पैसा मिळाला. ज्याने स्वतः गाळे बांधून भाड्याने दिले त्याला उत्पन्न चालू राहिले. ज्याच्याकडे कुळाची किंवा सामाईक जमीन होती त्याची गत आणखी निराळी. २००७ मध्ये भिवंडीभोवतालच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, तोपर्यंत पुष्कळसे बांधकाम होऊन चुकले होते. ट्रकचालक आणि क्लीनर यांचा मुक्काम, परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, ओढे-नाले बुजल्याने पावसात तुंबणारे पाणी, हे सर्व 'लोजी'च्या मूळ अर्थाचे विषय आहेत. हमाली करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला, आणि त्याच्या नावात निदान ओझे वाहणारा माथा तरी दिसतो.

अर्थात वक्राची मर्यादाही अढळ समजू नये. व्हेरहुल्स्टने १८४५ मध्ये बेल्जियमच्या लोकसंख्येची कमाल मर्यादा ६६ लाख काढली, १८४७ मध्ये ती सुधारून ९४ लाख केली, आणि त्या देशाची लोकसंख्या आज १ कोटी १० लाखांहून अधिक आहे. मानकोलीच्या शिवारात किती गोदामे मावतील हे वक्रावरून सांगू पाहणाऱ्याची गत याहून बरी होण्याची शक्यता कमी. उड्डाणपूल, खाडीवरील नवे पूल, बहुमजली गोदामे ही प्रत्येक गोष्ट मर्यादेला वर ढकलते. ढकलली जात नाही ती पावसाच्या पाण्याला लागणारी जागा.

परिभाषेचा प्रश्न उरतो. हिंदीत 'संभारतंत्र', 'संभारिकी' असे शब्द योजले जातात. मराठीत ते रुळलेले नाहीत आणि 'लॉजिस्टिक्स' लिप्यंतरानेच चालते. पुरवठ्याच्या विद्येला 'रसद-व्यवस्था' म्हणण्यास अडचण दिसत नाही, कारण पोहोचविण्याचा अर्थ त्या शब्दातच आहे. व्हेरहुल्स्टच्या वक्राला 'मर्यादित वाढीचा वक्र' म्हटले तर वाणिज्य शाखेतील विद्यार्थी त्यात गोदामे शोधत बसणार नाही. 'छावणी' हा शब्द मात्र कोणत्याही परिभाषा समितीच्या हाती देण्याची गरज नाही. दुष्काळी तालुक्यांत तो चालू आहे, आणि तेथे त्याच्या नोंदवहीत जनावरांची संख्या, चाऱ्याचे वजन आणि छपराखालची जागा एकाच पानावर लिहावी लागते.